पुन्हा न येणाऱ्या हंगामांच्या नोंदी

प्रयोगशाळेतला प्रयोग फसला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतो. कोरडवाहू शेतातल्या प्रयोगाला ही सोय नाही. २०१५ च्या खरिपात परभणीच्या काळ्या जमिनीत सोयाबीनचे जे झाले ते त्या वर्षीच्या पावसाने केले. आधीचे २०१४ सालही तुटीचेच गेले होते, त्यामुळे जमिनीच्या पोटात ओल उरलेली नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशी लागोपाठची दोन वर्षे, त्याच वाणांवर, त्याच जमिनीत, कुणालाही हुकमाने पुन्हा आणता येणार नाहीत. त्या हंगामात ज्याने प्लॉटनिहाय शेंगा मोजल्या, ओल तपासली, फुलोऱ्याची तारीख टिपली, त्याच्याकडे जगात दुसरीकडे कुठेही नसलेले आकडे आहेत. ते आकडे पुढे कुठे जातात आणि ज्याने ते लिहिले नाहीत त्यालाही ते समजतात का, याचा विचार विद्यापीठांत फार कमी होतो.

परभणीत हा विचार व्हायला हवा, कारण इथला प्रयोगांचा वारसा जुना आहे. हैदराबाद संस्थानाने १९१८ मध्ये इथे मुख्य प्रायोगिक प्रक्षेत्र सुरू केले. १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. परभणी क्रांती भेंडी, परभणी मोती ज्वारी, एमएयूएस ७१ सोयाबीन, बदनापूरची बीडीएन ७११ तूर ही नावे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला बियाण्याच्या पिशवीवरून ठाऊक असतात. यातल्या प्रत्येक वाणामागे कित्येक वर्षांच्या चाचण्या आणि त्यांतले असंख्य प्लॉट आहेत. वाण शेतापर्यंत पोहोचले. त्यांना जन्म देणारे आकडे मात्र बहुतेक वेळा सरासरीच्या रूपातच बाहेर पडतात.

एम.एस्सी. (कृषी) करणाऱ्या विद्यार्थ्याचा आकडा कोणत्या वाटेने जातो ते पाहू. ही वाट परभणीची, राहुरीची, अकोल्याची, सगळीकडची साधारण सारखीच. प्लॉटमधली पाच झाडे निवडून त्यांना टॅग लावतात. तीस, साठ, नव्वद दिवसांनी त्यांची उंची, फांद्या, पाने मोजून फील्ड बुकात लिहितात. काढणीनंतर नेट प्लॉटचे, म्हणजे कडेच्या ओळी सोडून उरलेल्या भागाचे, वजन होते. हे सगळे एक्सेलमध्ये चढते आणि हिसारच्या कृषी विद्यापीठाने बनवलेल्या ‘ओपीस्टॅट’सारख्या प्रणालीत टाकले जाते. तिथून ट्रीटमेंटनिहाय, म्हणजे तुलना करायच्या प्रत्येक वाणाची किंवा खत-मात्रेची, सरासरी आणि सीडी, म्हणजे दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा मानायला किमान किती अंतर हवे तो आकडा, बाहेर पडतो. प्रबंधात तक्ता येतो तो या सरासरींचा. प्रबंध ‘कृषिकोश’ या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या भांडारात पीडीएफ होऊन जातो. फील्ड बुक विद्यार्थ्याबरोबर गावी जाते किंवा मार्गदर्शकाच्या कपाटात राहते. एक्सेलची फाइल एखाद्या पेनड्राइव्हवर असते.

सरासरीत काय हरवते, ते एका काल्पनिक उदाहरणाने कळेल. एका ट्रीटमेंटच्या तीन रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे तीन पुनरावृत्त्यांत, हेक्टरी १२, १८ आणि २४ क्विंटल आले. दुसरीत १७.८, १८ आणि १८.२ आले. दोघींची सरासरी अठराच. पहिल्या ट्रीटमेंटचा प्लॉट उताराच्या वरच्या अंगाला होता तिथे तिने दगा दिला आणि खालच्या खोल मातीत ती जोमात आली, असे असू शकते. दुसरी कुठेही अठराच देते. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते, कारण त्याची जमीन उताराच्या वर आहे की खाली हे त्याला पक्के ठाऊक असते. प्रबंधाच्या तक्त्यात ती नाही. वीस वर्षांनी कुणी दुष्काळी वर्षांतले सगळे सोयाबीन प्रयोग एकत्र करून अभ्यासायचे ठरवले, तर त्याला हे प्लॉटचे आकडे, मातीची खोली आणि रोजचा पाऊस लागेल. त्याच्या हाती येईल ती पीडीएफमधली एक ओळ.

आकडे मागच्या पिढीने लिहावेत आणि अर्थ पुढच्या पिढीने काढावा, याचे शेतीतले सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राचे. तिथे १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचा एक खत-प्रयोग सुरू झाला तो आजही चालू आहे. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती तिथे आला तेव्हा सहा-सात दशकांच्या उत्पादनाच्या नोंदी साठलेल्या होत्या. त्या चाळत असताना त्याने जी पद्धत घडवायला सुरुवात केली, तिच्याच आधारावर आज परभणीतला विद्यार्थी ‘अॅनोव्हा’चा तक्ता काढतो. गोष्ट इथेच थांबत नाही. रोथॅमस्टेडने दरवर्षीचे गव्हाचे नमुनेही बरण्यांत जपले होते. २००५ मध्ये संशोधकांनी त्यांतून बुरशीचा डीएनए काढला आणि पानांवरच्या दोन रोगांची चढउतार हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणाशी जोडून दाखवली. १८४४ चा गहू बरणीत भरणाऱ्याला डीएनए म्हणजे काय हे माहीत असणे शक्यच नव्हते. त्याने बरणीवर साल, प्लॉट आणि खत नीट लिहिले होते, तेवढे पुरले.

आपल्याकडचे उदाहरण याहून मला जवळचे वाटते, कारण ते सोलापूर आणि अकोल्याचे आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ या संशोधन संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातल्या सहा गावांचा बारीक अभ्यास सुरू केला. त्यातली शिरापूर आणि कलमण ही सोलापूर जिल्ह्यातली, कंझारा आणि किनखेडा ही अकोला जिल्ह्यातली. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे निवडली. अन्वेषक गावातच राहायचा. ठरावीक आठवड्यांनी तो त्याच घरांत जाऊन विचारायचा: कुठे कामाला गेलात, मजुरी काय मिळाली, धान्य किती विकले, कर्ज कुणाकडून घेतले, लग्नात किती खर्च झाला. हे दहा वर्षे चालले. पुढे २००१ पासून पुन्हा सुरू झाले.

इक्रिसॅटने हे आकडे इतर संशोधकांना खुले केले. रॉबर्ट टाऊनसेंड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये त्यांच्यावरून विचारले की, एका घराचे पीक बुडाले तर गाव त्याला किती सावरते? मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ मध्ये त्याच नोंदींतून दाखवले की, दूरच्या गावात दिलेली लेक हा कुटुंबासाठी दुष्काळातला एक आधार असतो, कारण एकाच वर्षी दोन्ही गावांचा पाऊस चुकण्याची शक्यता कमी. आपल्या आज्यांना हे व्यवहारात ठाऊक होते. आकड्यांनी त्याला जगातल्या अर्थशास्त्रात जागा दिली. शिरापूरच्या वहीत मजुरीचे आकडे भरणाऱ्याने लग्नाच्या नात्यांवर निबंध लिहिला जाईल असे कधी मनात आणले नसेल. पण प्रत्येक घराला एक क्रमांक होता, प्रत्येक रकान्याला अर्थ होता, आणि तो अर्थ कुणा एकाच्या डोक्यात नव्हता, कागदावर होता.

यावरून परभणीच्या शास्त्रज्ञांना आकडे वाटून घ्यायची सवय नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अखिल भारतीय समन्वयित संशोधन प्रकल्पांची सगळी उभारणीच देवाणघेवाणीवर आहे. १९५७ मध्ये मक्यापासून ही पद्धत सुरू झाली. एकच चाचणी, एकच आराखडा, देशभरची केंद्रे. सगळ्यांनी एकाच नमुन्यात आकडे भरून समन्वयकाकडे पाठवायचे आणि वार्षिक गटसभेत समोरासमोर तपासायचे. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी इक्रिसॅट आणि परभणीच्या विद्यापीठाच्या एकत्र कामातून २०१८ मध्ये आली. किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, हे आकडे अनेक ठिकाणच्या दाण्यांचे पृथक्करण एकत्र आल्याशिवाय ठामपणे सांगता आले नसते. दीर्घकालीन खत-प्रयोगही परभणीत २००६ पासून सोयाबीन-करडईच्या फेरपालटावर चालू आहे. ब्रॉडबाल्कची आपली आवृत्तीच ती. म्हणजे वर्तुळाच्या आत देवाणघेवाण आहे. वर्तुळाबाहेरच्या माणसाला, शेजारच्या विभागातल्या प्राध्यापकालासुद्धा, प्लॉटपर्यंत पोहोचायची वाट सापडत नाही.

वाट केली तरी चालणाऱ्याला आकडे वाचता यायला हवेत. डेटा साक्षरतेचा मुद्दा इथे येतो. ती म्हणजे नवे सॉफ्टवेअर शिकणे, असे कार्यशाळांच्या पत्रिका पाहून वाटते. माझ्या मते तिचा पाया याहून साधा आणि अवघड आहे: हा आकडा कसा जन्मला, हे विचारण्याची सवय.

ही सवय भारतीय शेतीला लावणाऱ्यांत दोन मराठी माणसे अग्रभागी होती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे संख्याशास्त्राचे पुस्तक कृषी विद्यापीठांत आजही ‘पानसे-सुखात्मे’ या जोडनावानेच ओळखले जाते. प्रबंधांच्या संदर्भसूचीत ते असतेच. पण सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला एक साधा मुद्दा त्या पुस्तकातल्या सूत्रांहून जास्त सांगण्यासारखा आहे. जिल्ह्याचे उत्पादन काढण्यासाठी शेतातला एक तुकडा कापून धान्य तोलायचे, तर तो तुकडा किती मोठा घ्यावा? संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या गटाचा कल लहान तुकड्यांकडे होता. त्यात वेळ वाचतो आणि जास्त शेते होतात. सुखात्म्यांनी दाखवले की तुकडा फार लहान असला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त निघते. कारण सूत्रात नाही, माणसाच्या हातात आहे. हद्दीवरचे झाड आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी हद्द क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि तितकी चूकही मोठी.

परभणीच्या शेतकऱ्याला हा जुना वाद वाटणार नाही. पीकविम्यात महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांचे उत्पादन उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहिले जाते, आणि भरपाई त्यावर ठरते. प्रयोग कुठल्या शेतात झाला, तुकडा कसा आखला, वजन ओल्या दाण्याचे की वाळलेल्या, या प्रश्नांवर मानवत-पाथरीच्या चावडीवर जी चर्चा होते ती डेटा साक्षरतेचीच चर्चा आहे. ती विद्यापीठाच्या भिंतीच्या आतही तितक्याच पोटतिडकीने व्हावी असे मला वाटते.

आत काय काय चुकते ते छोट्या छोट्या गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट शून्याची. प्लॉटमध्ये रानडुकरे शिरली आणि पीक गेले, तर तिथे शून्य लिहायचे की रकाना रिकामा ठेवायचा? शून्य म्हणजे पीक आले नाही, रिकामे म्हणजे मोजता आले नाही. दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी. संख्याशास्त्रात अशा हरवलेल्या प्लॉटसाठी शेजारच्या आकड्यांवरून अंदाजी आकडा काढायची पद्धत १९३० च्या दशकापासून आहे आणि ती योग्यच आहे. पण तो अंदाजी आकडा खऱ्या आकड्यांच्या रांगेत खुणेशिवाय बसवला, तर पुढच्या वाचकाला तो मोजलेलाच वाटणार. ‘रेप्लिकेशन ३, ट्रीटमेंट ५, रानडुकरांनी खाल्ले, आकडा अंदाजी’ एवढी ओळ फाइलमध्ये असणे हे कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचे.

तारखेचे तसेच. मृगात, ७ जून २०१५ ला पेरा झाला आणि फाइलमध्ये ७/६/२०१५ लिहिले. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो ही तारीख ६ जुलै समजतो. १३/६/२०१५ मात्र त्याला तारीख वाटतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. तो ती नुसता मजकूर म्हणून ठेवतो. म्हणजे एकाच रकान्यात प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा उलट्या आणि बाकीच्या निर्जीव. कोरडवाहू प्रयोगात पेरणीची तारीख महिन्याने सरकली तर सगळा निष्कर्ष सरकतो. उपाय साधा आहे: वर्ष, मग महिना, मग दिवस, २०१५-०६-०७ असे लिहायचे.

पावसाची नोंद आणखी फसवी. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठला होते. ७ तारखेच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस ८ तारखेच्या नावावर जमा होतो. प्रयोगाच्या वहीत ‘सातला रात्री पाऊस, आठला वापसा नाही’ असे असेल आणि तक्ता सातला कोरडा दाखवत असेल, तर दोन्ही खरे आहेत. हे न सांगता दोन फाइली जोडल्या तर पाऊस एका दिवसाने चुकतो. आता महसूल मंडळांत महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेषा ओलांडली की अतिवृष्टी धरतात. ज्या जिल्ह्यात मदत त्या रेषेवर अवलंबून असते तिथे दिवस किती वाजता सुरू होतो हा प्रश्न क्षुल्लक नाही.

एककांचे काय सांगावे. शेतकरी एकरी बोलतो, शास्त्रज्ञ हेक्टरी लिहितो. एकरी आठ क्विंटल म्हणजे हेक्टरी जवळपास वीस. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत नुसतेच ‘उत्पादन’ असे छापले असेल तर काहींचे आठ आणि काहींचे वीस एकाच रकान्यात येतात, आणि त्यांची सरासरीही निमूटपणे निघते. गावांच्या नावांचीही तीच तऱ्हा. सेलू आणि सैलू, पाथरी आणि पाथ्री, इंग्रजीत तर प्रत्येकाचे दोन-तीन स्पेलिंग. संगणकाला ती वेगवेगळी गावे वाटतात. नावाशेजारी जनगणनेतला गावाचा सांकेतिक क्रमांक लिहिला की प्रश्न मिटतो.

आणि आपल्या भाषेची खास अडचण फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर आज दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. विस्तार शिक्षण, समाजशास्त्र, मराठी या विषयांतल्या कितीतरी प्रश्नावल्या, मुलाखती आणि लोकगीतांची संकलने अशा फाइलींत आहेत. लिपी बदलून देणारी साधने उपलब्ध आहेत, पण मूळ फॉन्ट कोणता होता हे आठवणारा माणूस हयात आहे तोवरच हे काम सोपे आहे. परभणीतली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. तिथल्या निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांच्या संगणकांतल्या या फाइली वाचवण्याचे काम मी सगळ्यांत आधी हाती घेईन.

अशा चुका फक्त आपल्याकडे होत नाहीत. एक्सेल काही जनुकांची संक्षिप्त नावे तारखा समजून बदलून टाकते. २०१६ मधल्या एका तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्शात ही चूक सापडली. २०२० मध्ये अखेर जनुकांचीच नावे बदलावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या एक्सेल प्रकाराच्या ६५,५३६ ओळींच्या मर्यादेमुळे १५,८४१ कोविड रुग्ण आठवडाभर यादीबाहेर राहिले. अर्थशास्त्रात कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निबंध जगभरच्या सरकारी काटकसरीच्या समर्थनार्थ वापरला गेला. भरमसाट कर्ज असलेल्या देशांची अर्थव्यवस्था सरासरी ०.१ टक्क्याने आक्रसते, असे त्यात होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागितली आणि लेखकांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. ही चूक आणि इतर निवडी दुरुस्त केल्यावर आकडा २.२ टक्के वाढ असा निघाला. लेखकांची चूक सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्यांनी एका अनोळखी विद्यार्थ्याला फाइल दिली, याचे श्रेय मात्र त्यांना फारसे कुणी दिले नाही.

ते द्यायला हवे होते, कारण फाइल देणारे फार थोडे असतात. ‘डेटा मागितल्यास उपलब्ध’ हे वाक्य आता निबंधाच्या शेवटी छापायची रीत झाली आहे. २०२२ मध्ये काही संशोधकांनी असे वाक्य असलेल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्रे पाठवली. डेटा दिला १२२ जणांनी. बाकीच्या ९३ टक्क्यांनी उत्तर दिले नाही किंवा नकार कळवला. २०१४ च्या आणखी एका अभ्यासात जीवशास्त्रातले ५१६ निबंध घेतले होते. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की त्याचा डेटा अजून अस्तित्वात असण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी घसरत होती. लपवाछपवी हे त्याचे मुख्य कारण नव्हते. संगणक बदलले होते, ईमेल बंद पडले होते, पेनड्राइव्ह सापडत नव्हते.

धोरणे आपल्याकडे आहेत. २०१२ चे राष्ट्रीय डेटा-वाटप धोरण, २०१३ चे कृषी अनुसंधान परिषदेचे मुक्त प्रवेश धोरण, त्यानंतरचे ‘कृषी’ पोर्टल, २०१४ चे केंद्राच्या विज्ञान विभागांचे धोरण. २०१६ पासून जगभर ‘फेअर’ तत्त्वांचा उल्लेख होतो: डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. त्यातले ‘मिळावा’ म्हणजे सगळ्यांना मोफत उघडा, असे नाही. कोणाला, कोणत्या अटीवर, किती काळानंतर, हे स्पष्ट लिहिलेले असावे, एवढाच त्याचा आग्रह आहे. डेटा दुसऱ्याला देण्याच्या जुनाट भीतीचा बराचसा भाग हे नीट समजले की गळून पडतो.

भीती खोटी नाही, हे मात्र मान्य करायला हवे. तीन वर्षे उन्हात उभे राहून जमवलेले आकडे दुसऱ्याने खोलीत बसून वापरले आणि पेपर त्याच्या नावावर गेला, तर कुणालाही वाईट वाटेल. प्रसारित न झालेल्या वाणाची वंशावळ उघडी करावी, असे तर कुणी म्हणणारही नाही. पण त्यासाठी साधने आहेत. फाइल भांडारात ठेवून दोन वर्षे बंद ठेवता येते. युरोपातल्या ‘सर्न’ने चालवलेल्या ‘झेनोडो’सारख्या मोफत भांडारात प्रत्येक फाइलीला कायमचा क्रमांक मिळतो, आणि निबंधासारखाच तिचाही संदर्भ देता येतो. खरी अडचण गुणांची आहे. कृषी विद्यापीठांत राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीने नियतकालिकाला दिलेले ‘नास’ रेटिंग बढतीच्या वेळी मोजले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतल्या संशोधन गुणांत निबंध, पुस्तके, पेटंट, मार्गदर्शन आहे. डेटासंचाला स्वतंत्र जागा नाही. मग दोन वर्गांचे तास, प्रकल्पाचा अहवाल आणि परीक्षेचे काम सांभाळणाऱ्या सहायक प्राध्यापकाने रकान्यांचे अर्थ लिहिण्यात आठवडा का घालवावा? त्याला उपदेश करण्याआधी त्या आठवड्याचे गुण दिले पाहिजेत. प्रबंधाच्या पीडीएफबरोबर प्लॉटनिहाय फाइल आणि तिचा एक पानी खुलासा दिल्याशिवाय मौखिक परीक्षा होणार नाही, एवढा एकच नियम विद्यापीठाने केला तरी दरवर्षी शेकडो हंगाम वाचतील.

ज्या आकड्यांत माणसे आहेत, तिथे मात्र हात आखडता घ्यावा लागतो. विस्तार शिक्षणाच्या प्रबंधांत तीन तालुके, प्रत्येकी चार गावे, गावागणिक दहा शेतकरी, असे १२० उत्तरदाते हा परिचित साचा आहे. नाव काढून टाकले की गुप्तता झाली असे मानले जाते. गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या छोट्या गावात ‘वय ५८, पदवीधर, जमीन २२ एकर, अमुक जात, सावकाराचे कर्ज’ एवढे लिहिले की गावातल्या कुणालाही माणूस ओळखता येतो. जमिनीचे आकडे गटांत टाकणे, गावाऐवजी तालुका ठेवणे, कर्जाचे रकाने वेगळ्या बंद फाइलीत ठेवणे, हे काम आधीच करायचे असते. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामुळे हे भान आता फक्त सौजन्याचे राहिलेले नाही. संमतीपत्रावर ‘ही माहिती नाव न देता इतर संशोधकांना दिली जाईल’ ही ओळही पहिल्या दिवशीच असावी लागते; मुलाखत झाल्यावर ती मागे जाऊन घालता येत नाही.

त्या १२० जणांना परत काय मिळते, हेही याच कामात मोडते. दीड तास अंगणात बसून त्यांनी उत्तरे दिलेली असतात. त्यांच्या तालुक्याचा निकाल एका पानावर, मराठीत, एकरी आकड्यांत देता येतो: एवढ्या शेतकऱ्यांनी बीजप्रक्रिया केली, एवढ्यांचे उत्पादन इतके आले, खोल आणि उथळ जमिनीत फरक इतका. ते पान विद्यार्थ्याने कृषी सहायकाच्या हाती दिले, तर खरिपाच्या आधी गावोगाव होणाऱ्या बैठकीत ते वाचता येते.